चिठ्ठीत निघालेली लेक

"यापुढे कोणत्याही विद्यार्थ्याला नुसतं ‘चूक’ म्हणायचं नाही," अष्टेकर सरांनी चष्म्यावरून आम्हा सगळ्यांकडे बघत बजावलं. "आधी ‘शाब्बास’ म्हणायचं. मग पुढचं बोलायचं."

"म्हणजे कसं, सर?" घुगे सरांनी विचारलं. घुगे सर खेळाचे शिक्षक. त्यांना कुठलीही गोष्ट करून दाखवल्याशिवाय पटत नसे.

"म्हणजे, ‘शाब्बास, प्रयत्न चांगला होता.’ असं."

सोमवारी सगळ्या शाळेत शाब्बासकीचा नुसता पाऊस पडला. "शाब्बास! साफ चूक! बस खाली!" "शाब्बास गाढवा, साताचा पाढा विचारला होता, आठाचा नाही!" मैदानावरून घुगे सरांचा पहाडी आवाज येत होता, "शाब्बास! पडलास! ऊठ आता!"

चिंचबारीच्या शाळेत माझं ते दुसरं वर्ष. मी गणित शिकवत होते आणि गावातच एक खोली भाड्याने घेऊन राहत होते. मुख्याध्यापक अष्टेकर सर तोवर अगदी निरुपद्रवी माणूस होते. शाळेच्या बागेतल्या शेवंतीवर त्यांचा जीव, बाकी कशात फारसं लक्ष घालत नसत. पण त्या उन्हाळ्यात ते पुण्याला कसल्याशा प्रशिक्षणाला गेले आणि येताना एक जाडजूड फाइल घेऊन आले. शिक्षकाला आपल्याकडून काय अपेक्षा आहे आणि मुलाला आपण काय मदत करायची आहे, हे दर आठवड्याला नव्याने कळलं पाहिजे, असं त्यात लिहिलं होतं म्हणे. झालं! दर शनिवारी शाळा सुटली की आम्ही प्रयोगशाळेत सांगाड्याच्या शेजारी चिवडा खात बसायचो आणि सर त्या आठवड्याची अपेक्षा वाचून दाखवायचे.

प्रत्येक तासाची सुरुवात प्रश्नाने करा, अशी एकदा अपेक्षा आली. घुगे सरांनी मैदानावर मुलांना विचारलं, "धावायचं कशाला?" मुलांनी त्यावर तासभर चर्चा केली. धावलं कुणीच नाही. एकदा शिक्षकाने वर्गात खुर्चीवर बसायचं नाही असं ठरलं. सगळ्या खुर्च्या उचलून अडगळीच्या खोलीत गेल्या आणि आमचे इतिहासाचे सर छडीचं टोक नकाशातल्या हिमालयावर टेकवून उभ्याउभ्या डुलकी काढायला शिकले.

आणि मग दत्तकाचा शनिवार उजाडला.

"ह्या वेळची अपेक्षा मोठी आहे," सर म्हणाले. त्यांच्यासमोर काचेचं चंचुपात्र होतं आणि त्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. "अभ्यासात मागे पडलेलं एकेक मूल एकेका शिक्षकाने दत्तक घ्यायचं. त्याला वेगळं शिकवायचं. त्याचं सुखदुःख विचारायचं. उचला."

मी उचलली. ‘कौसल्या रंगनाथ गाडेकर, नववी ब.’

घुगे सर माझ्या खांद्यावरून डोकावले. "शाब्बास," ते म्हणाले आणि पुढचं काही बोललेच नाहीत.

कौशी गाडेकर म्हणजे वर्गातली सगळ्यात उंच मुलगी. मागच्या बाकावर बसायची, कबड्डीत पोरांनाही रेषेपलीकडे जाऊ द्यायची नाही. गणिताचं आणि तिचं मात्र मागच्या जन्मीचं वैर होतं. सहामाहीच्या पेपरात ‘क्षची किंमत काढा’ असा प्रश्न होता. तिने उत्तर लिहिलं होतं, ‘परवडेल ती.’

सोमवारी मधल्या सुट्टीत मी तिला गाठलं.

"कौशी, मी तुला दत्तक घेतलंय."

तिने भेळेचा घास हातातच थांबवला. "खरंच दत्तक, बाई?"

"हो. रोज शाळा सुटल्यावर तू माझ्याकडे यायचं, आपण गणित करायचं."

"हेडसरांनी सांगितलं?"

"त्यांनीच. चिठ्ठी काढली, तुझं नाव आलं."

ती थोडा वेळ माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. गणित करताना तिच्या कपाळावर कधी आठी पडलेली मी पाहिली नव्हती. ती आत्ता पडली.

"मग घरी सांगू का?"

"सांग की. त्यांनाही कळू दे."

ती भेळ तशीच मैत्रिणीच्या हातात देऊन पळाली. मला वाटलं, पोरीला केवढा आनंद झाला! आपण उगाच तिला मठ्ठ समजत होतो.

त्याच आठवड्यात रविवारी मला बघायला येणार होते. स्थळ नाशिकचं. मुलगा मनोहर, विम्याच्या कचेरीत. घरदार, पगार, पत्रिका, सगळं जुळलेलं. त्यांची एकच अट होती, लग्नानंतर मुलीने नोकरी सोडायची. आई-बाबा आदल्या दिवशीच येऊन थडकले होते आणि आल्यापासून आईचा एकच जप चालला होता, "नोकरीचं विचारलं तर नुसतं ‘बघू’ म्हण. वाद घालू नकोस. तोंडाने ‘बघू’ म्हणायला काय जातं?"

माझ्या खोलीत बसायला एकच स्टूल. घुगे सरांनी शाळेच्या अडगळीतून खुर्च्या आणून दिल्या. जाता जाता म्हणाले, "बाई, मुलगा पसंत नाही पडला तरी त्याला आधी शाब्बास म्हणा."

मनोहर आला, त्याची आई आली, एक मामा आले. मी पोहे दिले. मनोहर मान खाली घालून खाऊ लागला. त्याने मला पाहिलं असेल तर पोह्याच्या ताटलीच्या तळातच पाहिलं असेल.

"मुलांची आवड आहे ना हिला?" त्याच्या आईने विचारलं.

"अहो, दिवसभर मुलांतच तर असते!" आई उत्साहाने म्हणाली.

तेवढ्यात लांबून हलगीचा आवाज आला. आधी मला वाटलं कुणाची तरी वरात असेल. आवाज पेठेकडून जवळ जवळ येत गेला आणि माझ्या दारासमोर थांबला. दारात उंबऱ्याबाहेर एक फेटेवाला गृहस्थ उभा होता. मागे डोक्यावर पत्र्याची पेटी घेतलेली एक बाई. तिच्यामागे नवी कोरी साडी गुंडाळलेली कौशी. आणि कौशीच्या हातातल्या दोरीला एक म्हैस.

"खैरे बाई इथंच राहतात ना?" फेटेवाल्याने हात जोडले. "मी रंगनाथ गाडेकर. लेक आणली तुमची."



"कुणाची लेक?" मनोहरच्या आईने विचारलं.

"बाईंची. नववीत हाय."

त्या माउलीने माझ्याकडे पाहिलं, कौशीकडे पाहिलं. कौशी माझ्यापेक्षा चांगली टीचभर उंच होती. मग त्या माझ्या आईकडे वळल्या.

"मुलीचं वय चोवीस सांगितलं होतंत तुम्ही!"

"चोवीसच आहे हो!" आई रडकुंडीला आली.

"अहो, काहीतरी घोटाळा होतोय," बाबा उठले. "आमच्या वासंतीचं अजून लग्नसुद्धा..."

"घोटाळा कसला?" गाडेकर आत आले आणि शाळेच्या खुर्चीवर ऐसपैस बसले. "शाळेत चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या पोरीचं नाव निघालं. बाईंनी दत्तक घेतली. हेडमास्तरांचा हुकूम हाय. माझ्या सात पिढ्यांत कुणाचं नाव कशात निघालं नव्हतं, बाई! शेवंता, पेटी ठेव खाली."

शेवंताबाईंनी पेटी खाली ठेवली आणि पदर डोळ्यांना लावला. पदराआडून त्या रडत होत्या की काय करत होत्या, ते मला काही दिसेना.

"आणि ही म्हैस?" मामांनी विचारलं. एवढ्या सगळ्यात त्यांना तेवढाच प्रश्न पडला होता.

"ही चंद्री. पोरीला निरशा दुधाची सवय हाय. दत्तक दिली म्हणून काय लेकराचं दूध तोडायचं?"

चंद्रीने तोवर खिडकीतून मुंडकं आत घातलं होतं. खिडकीत पाहुण्यांसाठी आणलेला केळ्यांचा घड होता. तो तिने सालीसकट चघळायला घेतला. सगळे ओरडले. मनोहरने पहिल्यांदा मान वर केली आणि आपली ताटली हळूच मांडीवर, तिच्यापासून लांब घेतली.

मी तोंड उघडलं. ‘अहो गाडेकर, शाळेतलं दत्तक म्हणजे नुसती शिकवणी असते’, हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. पण गाडेकरांनीच हात वर केला.

"एकच राहिलं, बाई. ते बोलून टाकतो आणि जातो. पोरीची सोयरीक ठरलीय. कोंढारच्या सोयऱ्यांना मी शब्द देऊन बसलोय. तुळशीचं लगीन झालं की तिचं लगीन." त्यांनी गुडघ्यावरचा हात उचलून फेट्याला लावला. "पण आता लेक तुमची झाली. करायचं, नाही करायचं, ते तुम्ही सांगायचं. तुम्ही म्हणाल तसं मी त्यांना कळवतो."

मला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं. मी कौशीकडे पाहिलं. म्हशीची दोरी तिने मुठीत इतकी घट्ट आवळली होती की बोटं पांढरी पडली होती. ती माझ्याकडेच बघत होती आणि तिची पापणीसुद्धा लवत नव्हती.

आईने मागून मला चिमटा काढला. "सांग ना गं त्यांना काय ते! गप्प काय बसलीस!"

"हो, स्पष्ट काय ते सांगाच," मनोहरच्या आई म्हणाल्या. "ही मुलगी तुमची आहे की नाही?"

"आहे," मी म्हणाले.

माझाच आवाज मला परका वाटला. पण एकदा निघाला तो निघाला.

"माझीच आहे. आणि गाडेकर, माझ्या मुलीचं लग्न मी इतक्यात करणार नाही. तिचं शिक्षण पुरं होईपर्यंत तर नाहीच. सोयऱ्यांना तसं कळवा. म्हणावं, बाई ऐकत नाहीत."

गाडेकर उठले. वाकून त्यांनी मला नमस्कार केला. मी चोवीस वर्षांची, ते माझ्या वडिलांच्या वयाचे. "तुमची लेक, तुमचा शब्द," ते म्हणाले. "आम्ही कोण मधे बोलणार?"

मनोहरच्या आईही उठल्या. मामा उठले. मनोहर सगळ्यांच्या शेवटी उठला, दारापर्यंत गेला, वळला आणि त्या सबंध भेटीतलं एकुलतं एक वाक्य बोलला.

"पोहे छान होते."

ते गेले. आई भिंतीला टेकून रडू लागली. बाबांनी खिडकीतल्या चंद्रीकडे पाहिलं. 

"वासंती, म्हैस कुठे बांधायची?"

अष्टेकर सरांना ही बातमी सोमवारी प्रार्थनेच्या आधीच कळली. मी पोचले तेव्हा ते शेवंतीच्या वाफ्यात डोकं धरून बसले होते.

"खैरे बाई, मी शैक्षणिक दत्तक म्हणालो होतो हो! शैक्षणिक!"

"तुम्ही नुसतं दत्तक म्हणालात, सर."

"पण वरिष्ठ विचारतील! मुलगी तुमच्याकडे राहते, म्हैस शाळेच्या मैदानात बांधलीय, माझ्या फाइलमध्ये ह्याला जागा कुठे आहे?"

खरंच चंद्री मैदानात होती. माझ्या घरमालकांनी दारात म्हैस बांधू द्यायला साफ नकार दिला होता. घुगे सरांनी मोठ्या मनाने तिला लांब उडीच्या खड्ड्याशेजारी जागा करून दिली. त्या आठवड्यात मुलं कधी नव्हे इतक्या लांब उड्या मारत होती, कारण जवळ पडलं की चंद्री तोंड लावायला यायची.

पुढच्या शनिवारी सरांनी अपेक्षा वाचली. "‘दत्तक’ हा शब्द यापुढे कुणीही वापरू नये. ‘मार्गदर्शक शिक्षक’ असं म्हणावं. तसंच शाळेच्या आवारात कुणीही जनावर बांधू नये."

"सर," घुगे सरांनी हात वर केला, "हे दुसरं शिक्षकांकडून अपेक्षा ह्यात धरायचं, की विद्यार्थ्यांना मदत ह्यात?"

चंद्री परत गेली. कौशी मात्र लगेच गेली नाही. आणखी आठवडाभर माझ्याकडेच राहिली. कोंढारच्या सोयऱ्यांचा राग शमेपर्यंत तिकडेच असू द्या, असा तिच्या आईचा निरोप आला होता. पुढेही रोज संध्याकाळी यायची. तिला गणित शिकवणं म्हणजे मांजराला पोहायला शिकवणं. पण ती बसायची. ओठ चावत, पेन्सिलीचं टोक मोडत, पण बसायची.

अशाच एका संध्याकाळी मला राहवलं नाही.

"कौशी, दत्तक म्हणजे काय, हे तुला खरंच कळलं नव्हतं का गं?"

"कळलं होतं की," वहीतून डोकं वर न काढता ती म्हणाली. "शिकवणी."

"मग?"

तिने पेन्सिल खाली ठेवली. "बाई, अप्पा साधा माणूस हाय. शब्द दिला की मोडायचा नाही, एवढंच त्याला ठाऊक. मी रडले, आई रडली, तो ऐकेना. म्हणायचा, दिलेला शब्द मोडून भावकीत तोंड कसं दाखवू? मग तुम्ही त्या दिवशी दत्तक म्हणालात. मी म्हटलं, पोरगीच त्याची राहिली नाही, तर त्याचा शब्द मोडतोच कुठं?"

"आणि आई?"

"आईला सांगितलं होतं. म्हणून तर ती पदरात तोंड घालून हसत होती."

"आणि माझं स्थळ मोडलं त्याचं काय?"

ती जरा ओशाळली. "ते मला माहीत नव्हतं, बाई. देवाशप्पथ. पण..." तिने माझ्याकडे तिरपं पाहिलं. "म्हशीनं केळी खाल्ली तेव्हा सगळे ओरडले. त्या माणसानं तेवढी आपली ताटली वाचवली. तुम्हाला चाललं असतं का तसं?"

मी तिला पुढचं गणित घालून दिलं.

कौशी दहावी झाली. गणितात एकदा आपटली आणि दुसऱ्यांदा काठावर सुटली. मग नर्सिंगला गेली आणि तालुक्याच्या दवाखान्यात लागली. माझंही लग्न झालं, जरा उशिराच, पण ‘नोकरी सोड’ न म्हणणाऱ्या माणसाशी. त्या लग्नात कौशी कमरेला पदर खोचून मांडवभर फिरत होती आणि माझ्या सासरच्यांना पंगतीत दम देऊन जेवायला बसवत होती. त्यांना आजही वाटतं ती माझी धाकटी बहीण आहे.

आणि मग तिचं लग्न निघालं. मुलगा तिनेच पाहिला होता, तिच्याच दवाखान्यात औषधं देणारा. गाडेकर स्वतः घरी येऊन अक्षत देऊन गेले. म्हणाले, "बाई, तुमच्या लेकीचं लगीन. सकाळपासनं यायचं."

लग्नाच्या दिवशी आचाऱ्यांच्या चुली मांडल्या होत्या तिथे, मांडवाच्या मागे, मला अप्पा एकटेच भेटले. भल्या मोठ्या कढईत बुंदी पडताना बघत उभे होते. केस सगळे पांढरे झालेले. मला वाटलं, आता इतकी वर्षं झाली, आज पोरगी सुखात आहे, ह्या साध्या माणसाला खरं काय ते कळायला हवं. दुसऱ्या कुणाकडून वेडंवाकडं कळण्यापेक्षा आपण सांगावं.

"अप्पा, रागावणार नसाल तर एक बोलू? ते दत्तकाचं..."

"दत्तकाचं काय?"

"पोर लहान होती. तिने तेव्हा तुम्हाला..."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि खांदे गदगदा हलवत हसू लागले. आवाज होऊ नये म्हणून त्यांनी उपरण्याचं टोक तोंडात धरलं.

"बाई," हसू आवरत ते म्हणाले, "आमच्या घरापासनं तुमची खोली कितीशी लांब होती? वेशीच्या वाटेनं एका हाकेवर. मग मी पोरीला आन् म्हशीला घेऊन सबंध पेठेतनं वळसा घालून का आलो? हलगीवाला का लावला?"

"का?" मी विचारलं.

"कोंढारच्या सोयऱ्याच्या थोरल्या भावाचं दुकान पेठेत होतं. बरोबर दुकानाच्या दारात मी हलगीवाल्याला म्हटलं, हाण जोरात. तो भाऊ बाहेर आला. म्हणाला, रंगनाथ, हे काय चाललंय? मी म्हटलं, सरकारी दत्तक निघालंय बाबा, माझ्या हातात आता काय राहिलं?" त्यांनी डोळे पुसले. "शाळेतलं दत्तक म्हणजे काय, एवढं मला कळत नाही व्हय? मी सातवी पास हाय, बाई."

"म्हणजे तुम्हाला सगळं..."

"शब्द देऊन बसलो होतो. चुकलो होतो, पण मागं फिरायला वाट नव्हती. पोरीनं वाट काढली. मी आपला येडा होऊन तिच्या मागनं चाललो." मग ते एकदम गंभीर झाले आणि माझ्या जवळ सरकले. "पण तिला सांगू नका हां, बाई. आपण बापाला गंडवलं, असं तिला अजून वाटतंय. सासरी चालली पोर. तेवढी फुशारकी बरोबर घेऊन जाऊ द्या तिला."

मांडवातून कौशीचा खणखणीत आवाज आला. नवरीने असं ओरडायचं नसतं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, मी तर नाहीच.

"अप्पा! बाई! कुठं गेलात दोघं? अंतरपाट धरलाय इकडं!"

अप्पांनी उपरणं नीट केलं. बघता बघता त्यांचा चेहरा भोळाभाबडा झाला, जबडा थोडा खाली आला, डोळे भिरभिरू लागले.

"आलो गं, आलो!" ते ओरडले आणि जायची वाट उजवीकडे असताना मुद्दाम डावीकडे वळले.

"तिकडं नाही, अप्पा, इकडं!" कौशी मांडवातून हसत म्हणाली. "आमचा अप्पा म्हणजे ना अगदी साधा माणूस!"